दयेची पटकथा आणि हक्काचा कागद

ओनिर यांचा 'माय ब्रदर... निखिल' २००५ साली प्रदर्शित झाला. हिंदीतल्या मोठ्या पडद्यावर एचआयव्ही हा विषय त्याआधीही येऊन गेला होता, पण दोन पुरुषांच्या नात्याकडे इतक्या शांतपणे पाहणारा चित्रपट तोपर्यंत क्वचितच कुणी पाहिला असेल. निखिल आणि नायजेल एकमेकांवर प्रेम करतात. हे दाखवताना पार्श्वसंगीत दचकत नाही, कुणी विनोद करत नाही, कॅमेरा नजर चुकवत नाही. आज वीस वर्षांनी पुन्हा पाहतानाही हा भाग टिकून राहतो, आणि त्याचं श्रेय दिग्दर्शकाला द्यायलाच हवं.

तरीही या चित्रपटाबद्दल माझी एक मोठी तक्रार आहे. ती एकट्या या चित्रपटाबद्दल नाही. आपण एचआयव्हीची गोष्ट कशी सांगतो, त्या सगळ्या पद्धतीबद्दल आहे. म्हणून हा लेख थोडा लांबचा रस्ता घेणार आहे. गोव्यातून मुंबईला, तिथून काठमांडूला, मग सांगली-निपाणीला, आणि शेवटी नगर जिल्ह्यात.

आधी कथा. निखिल कपूर हा गोव्याचा नामवंत जलतरणपटू. काळ १९८६ ते १९९४. त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळतं आणि संघ, मित्र, गाव, आईवडील एकेक करून मागे सरकतात. पोलीस त्याला धरून नेतात आणि एका पडक्या जागी एकटं ठेवतात. सोबत राहतात ती बहीण अनामिका आणि नायजेल. ते त्याला सोडवून आणतात. शेवटी आईवडीलही परततात आणि निखिल आपल्या माणसांत मरतो. सगळी पात्रं कॅमेऱ्यासमोर बसून त्याच्याबद्दल बोलतात, त्यामुळे तो गेलेला आहे हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असतं. ही साक्षीची मांडणी चांगली आहे. पण साक्ष कशाबद्दलची? इथे माझी तक्रार सुरू होते. चित्रपटाचा खरा प्रश्न 'बाबा त्याला जवळ घेतील का?' हा आहे. सरकारला एखाद्या निरपराध माणसाला आजारापायी कोंडता येतं का, हा प्रश्न मधल्या काही प्रसंगांत येतो आणि पुढे विरून जातो. बाबा जवळ घेतात आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो. कायद्याचं काय झालं हे विचारायचं त्याला सुचत नाही, कारण चित्रपटाने त्याला ते सुचू दिलेलं नसतं.

ज्या माणसाच्या आयुष्यावरून हा चित्रपट सुचला त्याचं नाव डॉमिनिक डिसूझा. तो जलतरणपटू नव्हता, वन्यजीव संरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होता. तो रक्तदान करायचा, आणि त्या रक्ताच्या तपासणीतून त्याच्या लागणीची नोंद सरकारदरबारी पोचली. फेब्रुवारी १९८९मध्ये पोलिसांनी त्याला उचललं. आपल्याला कशासाठी नेतायत हेही त्याला आधी कुणी सांगितलं नाही. नंतर त्याला वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ठेवलं. तो तिथे ६४ दिवस होता. हे सगळं कायद्याने झालं. 'गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५' यात दुरुस्ती करून कलम ५३मध्ये एचआयव्हीबाधित माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद घातली होती. त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज केला तो डॉमिनिकच्या आईने, लुसी डिसूझा यांनी. मुंबईचे वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाचा तो निकाल कायद्याच्या ग्रंथांत आजही सापडतो. मी तो साहित्य वाचावं तसा वाचला, आणि माझ्या मते तो या विषयावरच्या बहुतेक चित्रपटांपेक्षा जास्त नाट्यमय आहे. एका बाजूला हा आजार स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही आणि त्यामुळे माणसाला कोंडून काहीच साधत नाही, हा शास्त्राचा आधार असलेला युक्तिवाद आहे. त्यात आणखी एक धोक्याची सूचना आहे : कोंडलं जाण्याच्या भीतीने लोक तपासणीलाच येणार नाहीत. दुसऱ्या बाजूला समाजाचं हित आणि विधिमंडळाचा अधिकार. एकटं ठेवल्याने माणसावर काय परिणाम होतात हे न्यायालयाला समजतं. तरीही ते पारडं समाजाच्या बाजूला झुकवतं आणि तरतूद वैध ठरवतं. तोपर्यंत सरकारने कायद्यात एक बदल केलेला होता. वेगळं 'ठेवलंच पाहिजे' याच्या जागी 'ठेवता येईल' असा अर्थ येईल, एवढा. एका क्रियापदाचं रूप बदललं, आणि तेवढ्यावर माणसाच्या सुटकेची शक्यता उभी राहिली. ज्याला भाषेची आवड आहे त्याने हा निकाल जरूर वाचावा.

म्हणजे डॉमिनिक घरी आला, पण खटला हरला. चित्रपटात नेमका हाच तपशील निसटतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खटला हरलेला माणूस पुढे काय करतो? डॉमिनिकने १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था गोव्यात उभी करायला घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. त्याच्या गोष्टीचा शेवट संघटनेत होतो. निखिलच्या गोष्टीचा शेवट कुटुंबात होतो. आणि आईने स्वतःच्या नावाने सरकारवर केलेल्या दाव्याच्या जागी चित्रपटात एक प्रेमळ बहीण येते. तिचं नाव अनामिका, म्हणजे जिला नाव नाही ती. दिग्दर्शकाच्या मनात हे नव्हतं असं धरून चालू. तरी ज्या बाईचं नाव निकालपत्राच्या पहिल्या ओळीवर आहे, तिची जागा एका 'अनामिके'ने घ्यावी, यातून पटकथेचा कल दिसतोच.

दुसरी जोडी याहून बोलकी आहे. रेवती यांचा 'फिर मिलेंगे' २००४चा. जाहिरात संस्थेत मोठ्या हुद्द्यावर काम करणारी तमन्ना एचआयव्हीबाधित असल्याचं कळतं, तिला नोकरीवरून काढतात, ती न्यायालयात जाते आणि शेवटी जिंकते. 'फिलाडेल्फिया' या १९९३च्या अमेरिकन चित्रपटाचं ऋण त्यावर उघड आहे. पण त्यासाठी अमेरिकेत जायची गरज नव्हती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न सोडवला होता. तिथे अर्जदार एका सार्वजनिक महामंडळातला रोजंदारीवरचा मजूर होता. कायम नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली, तिच्यात लागण आढळली आणि त्याचं काम गेलं. न्यायालयाने सांगितलं की माणूस ते काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ लागण आहे म्हणून त्याची रोजीरोटी हिरावता येणार नाही. त्याला कामावर घ्या, भरपाई द्या. आणि त्याला स्वतःचं नाव न उघड करता दाद मागू दिली. निकालात तो 'एमएक्स' आहे आणि महामंडळ 'झेडवाय'.

या देशात एचआयव्हीबाधित माणसाच्या नोकरीचा हक्क मिळवून देणारा माणूस एक हंगामी मजूर होता. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नसणं हाच त्याचा विजय आहे. हिंदी पडद्याने ती लढाई उचलून इंग्रजी बोलणाऱ्या, सुंदर घरात राहणाऱ्या नायिकेला दिली. व्यवसायाची गणितं मला समजतात, नायिका ओळखीची वाटायला हवी हेही समजतं. पण याचा परिणाम असा झाला की हक्क हा सुशिक्षित माणसाला सुचणारा विचार वाटतो आणि गरिबाच्या वाट्याला दया येते. खरं घडलं ते उलट होतं.

'निर्दोष रुग्ण' हा याच पद्धतीचा आणखी एक साचा. महेश मांजरेकरांच्या 'निदान'मध्ये (२०००) मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीला रक्त चढवताना लागण होते. शिवाजी साटम आणि रीमा यांनी आईबाप मनापासून उभे केलेत. पण रक्तातून आलेली लागण निवडली की प्रेक्षकाला एक सूट मिळते. या मुलीची काही चूक नव्हती, म्हणून रडायला हरकत नाही. मग ज्यांची 'चूक' होती त्यांचं काय? हक्काला हा प्रश्न पडत नाही. लागण कुठून आली हे विचारून झाल्यावर जे दिलं जातं, त्याला हक्क म्हणत नाहीत.

आता एक अशी गोष्ट, जिच्यावर आपल्याकडे गाजलेला चित्रपट नाही, आणि मराठीत एखादी ठळक कादंबरी असल्याचं माझ्या वाचनात नाही. फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबईत पोलिसांनी कामाठीपुऱ्यात आणि आसपास छापे घातले. चारशेहून अधिक मुली आणि बायका ताब्यात घेतल्या. त्यातल्या दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. त्यांना शासकीय सुधारगृहांत ठेवलं. आता त्यांना घरी पाठवायचं. पण नेपाळ सरकार घ्यायला तयार होईना. त्या नेपाळीच आहेत याचा पुरावा काय, असा एक प्रश्न. आणि त्या एचआयव्ही घेऊन येतील ही भीती, ती तिथल्या वर्तमानपत्रांतही उघड बोलली गेली. इकडे महाराष्ट्रालाही त्या नको होत्या. दोन सरकारांच्या मध्ये त्या सुमारे सहा महिने अडकून पडल्या. शेवटी काठमांडूच्या स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन शंभराहून अधिक जणींना परत नेलं. त्यातल्या काहीजणींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' नावाची संघटना काढली. तिला २०१३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सन १९९६ लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी जुलैत व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिली तर हा आजार आटोक्यात ठेवता येतो हे जगासमोर आलं. सप्टेंबरात जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञ बसले आणि एचआयव्ही आणि मानवी हक्क यांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. आणि त्याच वर्षी मुंबईच्या सुधारगृहात बसलेल्या मुलीला तिचा स्वतःचा देश घेत नव्हता. पुढे २००२ साली काठमांडूतच सार्क देशांनी वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या वाहतुकीविरुद्ध करार केला. सोडवणं आणि परत पाठवणं यांची व्यवस्था हा त्याचा मोठा भाग. प्रादेशिक सहकार्य म्हटलं की कागदावर हेच असतं : माल इकडून तिकडे कसा जाईल तशी माणसं कशी जातील. तिला जायचंय का, तिला तिथे काय मिळेल, तिच्या तपासणीचा निकाल कोणाकोणाला कळला, हे प्रश्न शेवटी उरतात. शक्ती समूहाचं वेगळेपण असं की ज्यांची वाहतूक झाली त्यांनीच प्रश्न विचारायला घेतले.

सहकार हा शब्द आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) उसाच्या वजनाने येतो. माझं गाव बेलापूर. नवी मुंबईचं नव्हे, प्रवरेकाठचं. जवळच हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना होता, आणि त्याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात १९५०च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला. दोन्हींत फरक काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगता येतं. सहकारात शेतकरी सभासद असतो. त्याचा भाग असतो, त्याला मत असतं, सर्वसाधारण सभेत उठून तो चेअरमनला वाकडं विचारू शकतो. पुढे त्या सभांचं काय झालं हा वेगळा विषय. पण शब्दाचा अर्थ हा आहे : सहकार म्हणजे लाभ घेणं नव्हे, सभासद असणं.

आणि याच चित्राची दुसरी बाजू अशी की ऊसतोड कामगार त्या कारखान्याचा सभासद नसतो. तो मुकादमाकडून उचल घेतो, नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, हंगाम संपला की गाव सोडतो. ज्याच्या हाताने सगळं चालतं त्याला सभेत जागा नाही. एचआयव्हीविषयीच्या प्रादेशिक सहकार्याचे ठराव वाचताना मला हीच रचना दिसते. सरकारं सभासद, निधी देणारे सभासद, तज्ज्ञ सभासद. ज्यांना लागण आहे किंवा होऊ शकते ते 'लक्ष्यगट'. त्यांची मोजणी होते, मत होत नाही.

याला आपल्याच सीमाभागात एक उत्तर मिळालं. सांगलीत १९९२पासून 'संग्राम' संस्था काम करत होती. मीना सेषू यांनी ते काम सुरू केलं. त्यातून वेश्याव्यवसायातल्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे 'व्हँप'. निरोध वाटणाऱ्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या, पोलिसाचा मार, गुंडाचा हप्ता, दवाखान्यातली वागणूक यांविषयी एकत्र दाद मागू लागल्या. काम सांगली-मिरजेपुरतं राहिलं नाही, सीमेपलीकडे कर्नाटकातल्या निपाणीपर्यंत गेलं. ज्या सीमेवरून दोन राज्यं इतकी वर्षं भांडतायत, ती सीमा या बायकांना आडवी आली नाही, कारण दोन्हीकडचा पोलीस सारखाच मारत होता. मला माहीत असलेल्या प्रादेशिक सहकार्याच्या उदाहरणांत हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, आणि ते कुठल्याही ठरावातून आलेलं नाही.

त्याची किंमत त्यांनी मोजली. अमेरिकेने २००३च्या कायद्याने अट घातली की एड्सविरोधी कामासाठी आमचे पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचं लेखी धोरण स्वीकारलं पाहिजे. ज्या बायकांची संघटना बांधायची त्यांच्याच जगण्याविरुद्ध सही करायची! संग्रामने २००५ साली ते पैसे नाकारले. पुढे २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमेरिकी संस्थांवर लादणं घटनाबाह्य ठरवलं. आणि २०२०मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की हे संरक्षण त्यांच्या परदेशी सहयोगी संस्थांना नाही. पैसा सीमा ओलांडून येतो, अट सीमा ओलांडून येते, हक्क मात्र विमानतळावरच अडतो. एवढी स्वच्छ उपरोधिक कथा लेखकाला सुचली असती तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

व्हँपच्या बायकांनी आपली गोष्ट स्वतः रंगमंचावरही आणली. 'माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ' या नाटकात सुषमा देशपांडे यांच्यासारख्या अनुभवी रंगकर्मीची साथ त्यांना मिळाली. नाटकाच्या नावातच सगळी माणसं कुणाच्या तरी नात्याने येतात, आणि 'रुग्ण' किंवा 'पीडित' हा शब्द त्यात नाही. 'निखिल'शी याची तुलना करून पाहावी. तिथे मेलेल्या माणसाबद्दल जिवंत माणसं बोलतात. इथे जिवंत माणसं स्वतःबद्दल बोलतात. साक्षीची मांडणी दोन्हीकडे आहे. फरक साक्षीदार कोण आहे याचा आहे.

औषधांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डिलन मोहन ग्रे यांचा 'फायर इन द ब्लड' (२०१३) हा माहितीपट ती सांगतो. तिन्ही औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने दहा हजार डॉलर्सच्या वर होता. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला तीच औषधं वर्षाला ३५० डॉलर्समध्ये द्यायची तयारी दाखवली. हे शक्य झालं ते भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, बनवण्याच्या पद्धतीवर होतं. २००५मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे तो कायदा बदलला. माहितीपट दमदार आहे, रागावलेला आहे, आणि सहकार्य म्हणजे काय हे त्यात दिसतं : मुंबईतली कंपनी, दक्षिण आफ्रिकेतले बाधित कार्यकर्ते, युगांडातले डॉक्टर. सिप्लाचा एक कारखाना दौंडजवळ कुरकुंभला आहे, आमच्याच दौंड-मनमाड मार्गाच्या टोकाला. जगाच्या या लढाईची एक पेठ इतकी जवळ आहे याची आमच्या भागात कुणाला फारशी जाणीव नसते.

पण या माहितीपटाचा रोख परदेशी कंपन्यांवर इतका पक्का आहे की एक घरचा प्रश्न मागे राहतो. स्वस्त औषधाची जगभर घोषणा झाली २००१मध्ये. भारत सरकारने स्वतःच्या नागरिकांना ते मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ रोजी, महाराष्ट्रासह सहा राज्यांत, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी. मधली तीन वर्षं कुणाची? परदेशी नफेखोराला खलनायक करणं सोपं असतं. आपल्याच खात्याच्या फाइलीला खलनायक करायला जास्त धीर लागतो, आणि तिथे पडद्यावर टाळी मिळत नाही.

मराठीत या विषयाचं लेखन मुख्यतः एका प्रकारात झालं आहे : दिवाळी अंकातला किंवा रविवारच्या पुरवणीतला कार्यकर्त्याचा परिचय. डॉमिनिकला कोंडलं त्याच १९८९ साली अहमदनगरला गिरीश कुलकर्णी यांनी 'स्नेहालय'चं काम सुरू केलं. वेश्यावस्तीतल्या बायका, त्यांची मुलं, एचआयव्हीसह जगणारी मुलं यांच्यासाठी ते काम वाढत गेलं. ते मोठं आहे यात शंका नाही. तक्रार त्यावर लिहिणाऱ्यांबद्दल आहे. अशा कामांवरचे लेख बहुतेक एकाच चालीत जातात. आधी अंधार, मग एका माणसाच्या मनात ठिणगी, मग घरच्यांचा विरोध, मग दहा खोल्यांची इमारत, शेवटी वाचकाला आवाहन. मुलं त्यात 'चिमुकली' असतात, बायका 'अभागी'. त्यातल्या एखादीला शेजारच्या शाळेने मुलाला प्रवेश नाकारला तेव्हा तिने कुठे अर्ज केला, अर्जावर काय शेरा आला, हे त्या लेखांत नसतं. कार्यकर्त्याला देवदूत केलं की सरकारला जबाबदार धरायचं राहून जातं. देवदूत असताना कायद्याकडे कोण जातो?

आणि कायदा आहे. 'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७'. तो लागू झाला १० सप्टेंबर २०१८ रोजी. त्याच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७मधून प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना वगळलं होतं. निखिलची सगळी गोष्ट ज्या दोन भिंतींमध्ये कोंडली होती त्या दोन्ही भिंतींना एका आठवड्यात दारं पडली. वर्तमानपत्रांनी पहिल्या दाराला पहिलं पान दिलं. दुसरं बऱ्याचजणांना अजून माहीत नाही.

या कायद्यात नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, विमा यांत भेदभावाला मनाई आहे. संमतीशिवाय तपासणी नाही. लागणीची माहिती परवानगीशिवाय कुणाला देता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, आरोग्यसेवेच्या ठिकाणी वीस माणसांनाच. राज्याने लोकपाल नेमायचा. आणि न्यायालयात नाव झाकून दाद मागता येते. त्या १९९७च्या मजुराला जे न्यायालयाच्या समजूतदारपणामुळे मिळालं, ते आता कलम ३४ने कुणालाही मागता येतं. निनावी माणसाने नावाशिवाय सगळ्यांसाठी मिळवलेली ही गोष्ट. याच कायद्यात औषधोपचाराच्या कलमात 'शक्य असेल तितपत' अशा अर्थाचे शब्दही घातलेत. त्यावर बाधितांच्या संघटनांनी कडक आक्षेप घेतला होता. गोव्याच्या कायद्यातलं क्रियापद आठवावं. 'शक्य असेल तितपत' या शब्दांत दया परत मागच्या दाराने आत येते.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात कुणाला काय दिसावं हे आधी ठरवावं लागतं. माणसाचं नाव एका तक्त्यात, आजार दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडायची किल्ली मोजक्या हातांत. कायद्याने माहिती सांभाळायचं बंधन घातलंय ते याच अर्थाने. पण तालुक्याच्या दवाखान्यात माहिती संगणकातून फुटत नाही. ती खोलीवरच्या पाटीतून फुटते, वेगळ्या रंगाच्या फाइलीतून फुटते, रांगेत उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसातून फुटते. म्हणून कित्येक जण घराजवळचं केंद्र सोडून लांबच्या जिल्ह्यातून गोळ्या आणतात. महिन्याचा एक दिवस, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट, हा गुप्ततेचा दर. तो ज्याला परवडत नाही त्याची गोळी चुकते. मानवी हक्क आणि आरोग्य यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला याहून सोपं उत्तर मला देता येणार नाही.

म्हणून 'माय ब्रदर... निखिल'शी माझं भांडण आहे. तो चित्रपट वाईट असता तर भांडलो नसतो. तो चांगला आहे, प्रेक्षकाला हलवतो, आणि हलवून चुकीच्या जागी नेऊन सोडतो. बाबांनी जवळ घ्यावं हे खरंच. पण ज्याचे बाबा जवळ घेणार नाहीत त्याचंही काम, शाळा, गोळी आणि नाव शाबूत राहायला हवं. कायदा असतो तो अशा माणसांसाठी. लुसी डिसूझांनी अर्ज केला तेव्हा त्यांनी गोवा सरकारकडे माया मागितली नव्हती. मुलाला कोणत्या अधिकाराने ठेवलंत, एवढंच विचारलं होतं. त्या प्रश्नावरची मराठी कथा, कादंबरी किंवा पटकथा अजून लिहायची आहे. तिचं साहित्य निकालपत्रांत, सांगलीच्या संघटनेत आणि श्रीरामपूरहून सुटणाऱ्या पहाटेच्या एसटीत पडलेलं आहे.